गुलाबी बोंडअळीची अंडी
पेक्टिनोफोरा गॉसिपिएला या निशाचर पतंगाची मादी कपाशीवर घालते ती सूक्ष्म, चपटी, लांबट अंडी. या किडीचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ साली भडोचच्या नमुन्यांवरून झाले. अंडे सुमारे ०.५ मिमी. लांब, घातल्यावर मोतिया पांढरे, उबण्यापूर्वी तांबूस. घाटेअळीचे अंडे (पहा : घाटेअळी) गोल, कंगोरेदार आणि कोवळ्या पानांवर उघड्यावर असते. गुलाबी बोंडअळीची मादी मात्र बोंडे धरली की त्यांच्या बुडाशी, हिरव्या आवरणाआड, एकेकटी वा लहान पुंजक्यांत अंडी घालते. नियंत्रणातील खरी अडचण ही जागाच होय : फवारा तेथे नीट पोचत नाही आणि चार-पाच दिवसांत निघालेली अळी लगेच बोंडात शिरते. अंडी मोजूनच फवारणी ठरवावी, हे म्हणणे तर्काला धरून असले तरी आवरणाआडचे एवढे बारीक अंडे शेतात हाती लागणे कठीण. म्हणून कामगंध सापळ्यांचा आधार घेतात (पहा : कामगंध सापळा), सलग तीन रात्री प्रतिसापळा ८ पतंग ही इशारा-पातळी. सापळ्यात नरच येतात, हा आक्षेप खरा. पण नरांची वाढ म्हणजे मीलन व अंडी घालण्याचा काळ आल्याची खूण. ट्रायकोग्रामा हा परजीवी कीटक अंड्यातच किडीचा नाश करतो. विदर्भातील २०१७ च्या प्रादुर्भावानंतर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा (स्थापना १९७६) भर फरदड (हंगाम संपल्यावरही शेतात राखलेली कपाशी) टाळण्यावरही आहे. उभ्या फरदडीत मादीला अंड्यांसाठी बोंडे मिळत राहतात (पहा : कापूस).