कुलमुखत्यारपत्र आणि यंत्र

विषय नवा वाटेल, पण प्रश्न जुना आहे. एआय एजंटच्या हाती कोणतं साधन द्यावं, नेमकं एका कामाचं की कुठल्याही कामाचं? दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेलेल्यांना हा फरक ठाऊक आहे. अमुक एका दस्तावर सही करण्यापुरतं ते विशेष मुखत्यारपत्र आणि आमच्या वतीने सगळंच कर असं म्हणणारं ते कुलमुखत्यारपत्र. दुसरं लिहून देताना वकीलसुद्धा एकदा चष्म्यावरून बघतो.

एपीआय म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याकडे काम मागण्याची ठरलेली खिडकी. एजंटला 'हवामान विचार', 'तक्रार नोंदव' अशी एकेक साधनं देता येतात. जून २०२३मध्ये ओपनएआयने 'फंक्शन कॉलिंग' आणलं, ते याच वळणाचं. पण मोठ्या सेवेला अशा शेकडो खिडक्या असतात. प्रत्येकीचं वर्णन मॉडेलपुढे मांडत बसलं तर मूळ कामाला जागा उरत नाही. मग दुसरा विचार पुढे येतो. एकच साधन द्या: पद्धत, पत्ता, मजकूर. बाकीचं ते जुळवेल, कारण सेवेची माहितीपुस्तिका त्याने बहुधा वाचलेली असते. प्रोग्रामरांकडे असं अवजार १९९८पासून आहेच, डॅनियल स्टेनबर्ग यांचं 'कर्ल'. याला कच्ची विनंती म्हणू. हा युक्तिवाद लेचापेचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ॲरिस्टॉटलच्या 'पॉलिटिक्स'मध्ये, अगदी सुरुवातीला, डेल्फीच्या सुरीचा दाखला येतो. एकच सुरी, अनेक उपयोगांची. निसर्ग मात्र असली काटकसर करत नाही, असं त्याचं म्हणणं. (दाखला ज्यासाठी दिला, तो स्त्री आणि गुलाम यांच्यातला भेद, तो आज वाचवत नाही. आपण सुरी तेवढी घेऊ.)

आता एक खरी हकिकत ऐका. नॉर्म हार्डी यांनी १९८८मध्ये एक छोटासा निबंध लिहिला. त्यात टाइमशेअर या कंपनीतला एक कंपायलर आहे. वापराची आकडेवारी नोंदवण्यासाठी त्याला स्वतःच्या डिरेक्टरीत लिहिण्याची परवानगी दिलेली होती. त्याच डिरेक्टरीत ग्राहकांच्या बिलांची फाइल होती. आणि कंपायलरची सोय अशी, की चुका शोधण्याची जादा माहिती कुठल्या फाइलीत लिहायची, ते नाव वापरणाऱ्याने द्यायचं. कोणीतरी नाव दिलं ते नेमकं बिलांच्या फाइलीचं! वापरणाऱ्याला तिथे लिहिण्याचा हक्क नव्हता, पण कंपायलरला होता. बिलं गेली.

इथे चोर कोण? कंपायलरने कुलूप तोडलं नाही, आज्ञाही मोडली नाही. तो दोन धन्यांची कामं करत होता आणि कुठलं काम कुणाच्या हक्काने करतोय, हे सांगण्याची सोयच त्याच्याजवळ नव्हती. हार्डींनी त्याला 'गोंधळलेला कारभारी' अशा अर्थाचं नाव दिलं. आजचा एजंट ईमेल वाचतो, वेबपानं वाचतो, आणि त्या मजकुरात कुणी हुकूम लपवला तर तोही धन्याचाच समजण्याची शक्यता असते. कारभारी तोच, फक्त आता त्याला वाचता येतं.

यावर लोक म्हणतात, मग फक्त वाचायची मुभा द्या. एचटीटीपीत 'गेट' म्हणजे मागणं, 'डिलीट' म्हणजे पुसणं. तेवढी 'गेट' ठेवा, संपलं! संपत नाही. २००५मध्ये गूगलने 'वेब ॲक्सिलरेटर' काढला. पान लवकर दिसावं म्हणून तो त्यावरचे दुवे आधीच उघडून ठेवी. १९९९च्या एचटीटीपी मानकात लिहिलेलंच होतं की 'गेट'ने नुसतं आणावं, दुसरं काही करू नये. पण कित्येक संकेतस्थळांनी 'पुसून टाका' हाही साधा दुवाच करून ठेवला होता. यंत्राने इमानाने तोही उघडला आणि लोकांच्या नोंदी गेल्या. ते मानक म्हणजे सभ्यपणाचा संकेत होता, भिंत नव्हती.

त्याहून खोल अडचण आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांना ओळखीची वाटते. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५च्या हार्वर्डमधल्या व्याख्यानांत दाखवलं की बोलणं हीसुद्धा कृती असते. विचारणंही कृतीच. एजंटने एखाद्या परक्या पत्त्यावर नुसती 'गेट' पाठवली, पण त्या पत्त्यातच तुमचा पासवर्ड लिहिला, तर? पलीकडे काहीच बदललं नाही आणि गुपित मात्र गेलं. म्हणजे कोणती क्रिया, एवढंच पाहून भागत नाही. कुणाकडे आणि काय घेऊन, हेही पाहावं लागतं.

आमचं मत विचाराल तर साधन द्यावं, पण किल्ली त्याच्या हाती देऊ नये. किल्ली मधल्या पहारेकऱ्याकडे असावी. त्याने ठरलेले पत्ते तपासावेत, विनंतीला किल्ली स्वतः लावावी; आणि बदल करणारी विनंती असेल तर माणसाला विचारावं. मात्र दिवसातून पन्नासदा विचारलं तर माणूस न वाचताच 'होय' दाबू लागतो. ते कोडं अजून सुटलेलं नाही.

आणि जबाबदारी? आपल्या १८७२च्या करार कायद्याचं कलम १८४ जरूर वाचा. तिऱ्हाइताशी व्यवहार करायला अज्ञान मुलगाही कुणाचा एजंट होऊ शकतो, पण धन्याला तो स्वतः जबाबदार राहत नाही. कायदा अर्थात माणसांविषयी बोलतो, यंत्रांविषयी नव्हे. तरी कच्च्या विनंतीचं साधन हाती ठेवताना आपण कुणाला मुखत्यार नेमतोय, ते त्या कलमातून बरंच कळतं.