औषध आणि शस्त्र : अमेरिकन कायद्यांतील एक पेंच

२०११ च्या ऑक्टोबर महिन्यांत अमेरिकेच्या नेव्हाडा संस्थानांतील एक स्त्री बंदूक विकत घेण्यासाठीं दुकानांत गेली. खरेदीपूर्वीं भरावयाच्या सरकारी तक्त्यांत, गांजा अथवा अन्य नियंत्रित द्रव्याचें आपण बेकायदा सेवन करतां काय, असा एक प्रश्न होता. तिनें उत्तराची जागा कोरी ठेविली. परंतु औषध म्हणून गांजा घेण्याची अनुज्ञा देणारें संस्थानाचें नोंदणीपत्र तिच्यापाशीं आहे, हें दुकानदारास ठाऊक होतें. तेवढ्यावरूनच त्यानें विक्री नाकारली. नेव्हाडाच्या घटनेनें रुग्णाला औषधाचा अधिकार दिलेला, अमेरिकेच्या घटनेनें नागरिकाला शस्त्राचा अधिकार दिलेला. तरी हे दोन अधिकार एका हातांत नांदूं शकले नाहींत. हा पेंच कोणा एका कायदेकर्त्यानें हेतुपूर्वक घातला नव्हता. निरनिराळ्या काळीं, निरनिराळ्या भयांपोटीं केलेल्या कायद्यांचे धागे एकमेकांत गुंतून तो पडला.

गांजा हें औषध पाश्चात्य वैद्यकांत गेलें, तें मुख्यतः हिंदुस्थानांतून. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांतील डॉ. विल्यम ओशॉनसी यांनीं १८३९ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले, आणि पुढील दहाबारा वर्षांत अमेरिकेच्या अधिकृत औषधिकोशांत त्यास स्थान मिळालें. १९३७ च्या करविषयक कायद्यानें मात्र त्याचा व्यवहार जवळजवळ अशक्य केला. अमेरिकन वैद्यकसंघाच्या वतीनें डॉ. विल्यम वुडवर्ड यांनीं त्या विधेयकास केलेला विरोध व्यर्थ गेला, आणि १९४२ सालीं औषधिकोशांतूनहि गांजाचें नांव गळालें.

शस्त्रांची कथा निराळी आहे. १९६३ सालीं अध्यक्ष केनेडी, १९६८ च्या एप्रिलांत मार्टिन ल्यूथर किंग आणि त्याच वर्षीं जून महिन्यांत रॉबर्ट केनेडी हे गोळीस बळी पडले. लोकक्षोभ शिगेस पोहोंचला असतां अध्यक्ष जॉन्सन यांनीं २२ ऑक्टोबर १९६८ रोजीं शस्त्रनियंत्रणाच्या कायद्यावर सही केली. गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांप्रमाणेंच गांजाचें बेकायदा सेवन करणारासहि त्या कायद्यानें बंदुकीपासून दूर ठेविलें. येथें सारें मर्म 'बेकायदा' या एका शब्दांत होतें. दोनच वर्षांनीं, १९७० सालीं, नियंत्रित द्रव्यांच्या कायद्यानें गांजा पहिल्या परिशिष्टांत घातला. म्हणजे त्यास मान्य असा वैद्यकीय उपयोगच नाहीं, असें ठरविलें. मॉर्फिन दुसऱ्या परिशिष्टांत होतें, म्हणून डॉक्टरच्या चिठ्ठीनें तें घेणारा रुग्ण कायदेशीर ठरला व त्याची बंदूकहि त्याच्यापाशीं राहिली. गांजा घेणाऱ्या रुग्णास मध्यवर्ती कायदा मानील अशी चिठ्ठीच मिळूं शकत नव्हती.

पुढें संस्थानांनीं उलट दिशेनें पाऊल टाकलें. १९९६ सालीं कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं औषधी गांजास मान्यता दिली. २००० सालीं नेव्हाडानें ती आपल्या घटनेंतच लिहिली. परंतु १९६८ च्या त्या वाक्यास हात लावण्याचा अधिकार संस्थानांना नव्हता, आणि २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं मध्यवर्ती कायद्याचेंच वर्चस्व कायम केलें. २०११ च्या मे महिन्यांत ओरेगनच्या सर्वोच्च न्यायालयानें, गांजा घेणाऱ्या रुग्णासहि पिस्तूल झांकून बाळगण्याचा परवाना शेरीफनें दिला पाहिजे, असा निकाल दिला; आणि सप्टेंबरांत मध्यवर्ती शस्त्रखात्यानें सर्व दुकानदारांना पत्र धाडून, गांजाचें नोंदणीपत्र ज्यापाशीं आहे असें ठाऊक असेल त्यास शस्त्र विकूं नये, असें बजाविलें. नेव्हाडांतील ती स्त्री दुकानांत गेली, ती यानंतर थोड्याच दिवसांनीं.

तिनें दावा लावला. २०१६ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथील अपील न्यायालयानें तो फेटाळतांना म्हटलें कीं, नोंदणीपत्र परत केल्यास तिला केव्हांहि बंदूक घेतां येईल. सबब तिच्या हक्कावर पडणारा भार मोठा नाहीं. आपण गांजा घेत नाहीं, असें तिचें म्हणणें होतें. तरी तें पत्र बाळगणें हेंच विक्री नाकारण्यास पुरेसें ठरलें. ज्यास औषधावांचून वेदना सोसवत नाहींत, अशा खऱ्या रुग्णास मात्र या तर्काचा अर्थ एवढाच होता, कीं त्यानें औषध आणि शस्त्र यांतून एकाची निवड करावी.

२०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, शस्त्रबंदीस राष्ट्राच्या इतिहासांत आधार दाखविला पाहिजे, असा दंडक घालून दिला. सरकारनें जुन्या काळच्या मद्यपींवरील निर्बंधांचा दाखला पुढें केला. २०२४ सालीं न्यू ऑर्लीन्सच्या अपील न्यायालयानें उत्तर दिलें कीं, ते निर्बंध माणूस नशेत असेल तेवढ्यापुरते होते. शुद्धीवर असलेल्या माणसाचें शस्त्र केवळ मागील सेवनावरून हिरावून घेण्यास तो आधार पुरत नाहीं. २०२५ च्या ऑगस्टांत अटलांटा येथील न्यायालयानें फ्लोरिडांतील रुग्णांचा फेटाळलेला दावा पुन्हा जिवंत केला. हे रुग्ण गुन्हेगारांसारखे वा धोकादायक आहेत, असें त्या टप्प्यावर सरकारनें दाखविलें नव्हतें. त्याच ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयानें त्या १९६८ च्या वाक्यासंबंधींचाच एक खटला विचारार्थ स्वीकारला. परंतु तो रुग्णाचा नव्हता.

नशेत असलेल्याच्या हातीं बंदूक नसावी, याविषयीं या वादांत कोणाचा फारसा मतभेद नव्हता. वाद होता तो आजारी माणसास केवळ त्याच्या औषधावरून धोकादायक मानावें काय, याविषयीं. त्याचें उत्तर १९६८ च्या कायदेमंडळानें दिलें नव्हतें. कारण तो प्रश्न तेव्हां त्याच्यापुढें कोणी मांडलाच नव्हता.