आळीपाळीची चराई (सोलापूरचा माळ)

आळीपाळीची चराई म्हणजे कुरणाचे भाग पाडून एका भागात जनावरे थोडे दिवस चारायची आणि मग गवत पुरते सावरेपर्यंत तो भाग मोकळा ठेवायचा, अशी पद्धत. जमिनीचा कस, गवताचे वैविध्य आणि शेतकऱ्याची मिळकत या तिन्हींचा तिच्याशी संबंध असल्याने तिला पुनरुज्जीवक चराई असेही म्हणतात. फ्रान्सचे आंद्रे व्हॉइसां यांनी १९५७ साली तिची शास्त्रीय मांडणी केली. झिंबाब्वेचे अ‍ॅलन सेव्हरी यांनी दाट कळपाच्या खुरांनी जमीन जिवंत होते असा दावा करून ती जगभर पोहोचवली. सोलापूर जिल्ह्यापुरता विचार केला तर खुरांचा भाग गौण ठरतो. इथे गवताला विसावा लागतो, आणि तो ऐन पावसाळ्यात लागतो.

सोलापूरच्या नवी पेठेतून बार्शीच्या रस्त्याने सुमारे २० किलोमीटर गेले की नान्नजचा माळ लागतो. १९७९ साली जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्याचे हे मुख्य ठिकाण. सरकारी नोंदींत असल्या जमिनीला पडीक म्हणायची सवय जुनी आहे, आणि त्या समजुतीपायी माळावर गिरिपुष्पासारखी झाडेही लावली गेली. वास्तविक हा माळ म्हणजे मोडलेले जंगल नव्हे. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी वाङ्मयातील उल्लेख तपासून पश्चिम महाराष्ट्रातील गवताळ प्रदेश किमान साडेसातशे वर्षे जुने असल्याचे दाखवले आहे. दाबडघाव व शंकरनारायण यांच्या १९७३ च्या सर्वेक्षणानुसार दख्खनच्या माळाचे मूळ गवत पवन्या-मारवेलच्या गटातले. चराई अति झाली की ही गोड गवते आधी संपतात, मग कुसळी माजते आणि शेवटी जनावर तोंड लावणार नाही असे खुरटे गवत उरते. खुडलेले गवत नवी पाने फोडते ते मुख्यतः बुडख्यातल्या साठ्यावर. ती पाने पोसण्याआधीच पुन्हा खुडली गेली की मुळे आखडतात, हलक्या मुरमाड जमिनीवर कवच धरते आणि पाऊस मुरण्याऐवजी वाहून जातो.

धनगर फिरते असल्यामुळे माळाला आपोआपच विसावा मिळतो, असा एक समज आहे. माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा यांनी नोंदवलेले हटकर धनगरांचे चक्र याच्या उलट सांगते. पावसाळ्यात कळप पूर्वेकडच्या कमी पावसाच्या प्रदेशात असतात आणि पीक निघाल्यावर पश्चिमेकडे सरकतात. मेंढ्या चिखलात टिकत नाहीत, तेव्हा हे शहाणपणाचेच आहे. पण त्यामुळे गवत वाढीला लागते नेमके तेव्हाच माळावर सर्वाधिक तोंडे असतात. गावची खिलार गुरेही त्याच वेळी बाहेर पडतात, कारण शेतात पीक उभे असते. म्हणून उन्हाळ्यातल्या बंदीने फारसे साधत नाही. गायरानाचे तीन-चार पट्टे करून दर वर्षी त्यांतला एक मृगापासून बी झडेपर्यंत बंद ठेवला, तर पवन्या-मारवेलला परत येण्याची संधी मिळते.

या पद्धतीवरचे आक्षेप वजनदार आहेत. डेव्हिड ब्रिस्की व सहकाऱ्यांनी २००८ साली अनेक प्रयोगांचा आढावा घेतला तेव्हा, जनावरांची संख्या सारखीच ठेवली असता, सततच्या चराईपेक्षा आळीपाळी सरस ठरल्याचे दिसले नाही. हा निष्कर्ष मान्यच करायला हवा; संख्या प्रमाणाबाहेर असेल तर पट्टे पाडून काही होणार नाही. मात्र त्या प्रयोगांतली सततची चराईसुद्धा मोजून-मापून केलेली होती. आपल्या गायरानावर मोजमापच नसते, आणि आळीपाळी ठरवायला बसले की संख्येचा प्रश्न गावाला टाळता येत नाही. हवामानाचा दावा मात्र सोडून द्यावा. ऑक्सफर्डमधून २०१७ साली निघालेल्या अहवालानुसार, चांगल्या चराईने मातीत साठणारा कार्बन चरणाऱ्या जनावरांच्या एकूण उत्सर्जनाच्या फार तर २० ते ६० टक्के भरपाई करतो, आणि तीही काही काळच.

मग सरळ चराईबंदीच का नको? अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने ती केली, गवत कापून नेण्याची मुभा ठेवली, आणि दिवसाला सुमारे १५० लिटर असलेले दूध काही हजार लिटरवर गेले. पाणलोटाच्या कामाचा त्यात मोठा वाटा असला तरी विसाव्याने काय घडते याचा याहून चांगला दाखला जवळपास नाही. पण कापून नेणे परवडते ते गोठा आणि जमीन असलेल्याला. भूमिहीन मेंढपाळाला चराईबंदी म्हणजे हद्दपारी. शिवाय माळढोक पक्ष्याला अंडी घालायला तुलनेने उंच गवत लागते, तर चरायला आणि नाचायला आखूड. सगळा माळ बंद केला तर ही सरमिसळ राहत नाही.

मिळकतीचे गणित साधे आहे. दुधाच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा चारा-खुराकाचा असतो. संकरित गाय माळावर पोसत नाही, हे खरे. पण खिलार गुरे, भाकड गाई आणि कालवडी पावसाळ्यानंतरचे काही महिने माळावर निघाल्या, तर ज्वारीचा कडबा उन्हाळ्यासाठी शिल्लक राहतो. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत सांगोला-मंगळवेढ्याची जनावरे छावण्यांत न्यावी लागली, ती असा साठा नसल्यानेही. रानात मेंढ्या बसवून मिळणारे खत हा दुसरा लाभ, आणि आळीपाळीसाठी गावाने करायच्या करारात मेंढपाळाला बरोबरीने बसवणारा धागाही तोच. पट्टे पाडायचे ते गायरानही मोकळे हवे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला होता. गायरान शिल्लक असेल तरच त्याचे पट्टे पाडता येतील. त्यामुळे अतिक्रमण मोजणे हे या पद्धतीतले पहिले काम ठरते, आणि कुंपणाचा खर्च त्यानंतर येतो.