परिचारिका-संघाचा वार्डांतील प्रतिनिधि

संघांचा इतिहास बहुधा सनदांवरून व संपांवरून लिहिला जातो. ब्रिटनमधील परिचारिकांच्या संघाचा इतिहास मात्र, आमच्या मतें, वार्डांतील प्रतिनिधीवरून लिहावयास हवा. तिला तेथें ‘स्टुअर्ड’ म्हणतात. ती संघाची पगारी नोकर नसते. स्वतःची पाळी सांभाळून ती सहकाऱ्यांची बाजू मांडते.

हें पद या संघांत उशिरां आलें, याचें कारण संघाच्या जन्मांतच आहे. १९१६ सालीं लंडनमध्यें ‘कॉलेज ऑफ नर्सिंग’ स्थापन झालें. हेंच पुढें ‘रॉयल कॉलेज’ म्हणून प्रसिद्धीस आलें. गाय्ज रुग्णालयाच्या पूर्वीच्या मेट्रन सारा स्विफ्ट आणि रेडक्रॉसचे आर्थर स्टॅन्ले हे त्याचे प्रवर्तक. वेड्यांच्या इस्पितळांतील सेवकांनीं १९१० सालींच कामगार-संघ काढला होता. कॉलेजनें तो मार्ग बुद्ध्याच टाळला. वार्डांत हुकूम देणाऱ्या मेट्रनच संस्थेंतही पुढारी. मग त्यांच्याविरुद्ध दाद मागावी कोणाकडे? १९४८ सालीं राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाल्यावर वेतनाच्या वाटाघाटी मध्यवर्ती मंडळांत होऊं लागल्या. पाळ्या, रजा व शिस्त यांचे तंटे मात्र वार्डांतच राहिले.

१९७० नंतरच्या दशकांत कॉलेजनें कामगार-संघ म्हणून नोंदणी केली आणि रुग्णालयांतून स्टुअर्ड दिसूं लागल्या. १९७५ च्या कायद्यानें संघ-प्रतिनिधींस त्या कामासाठीं पगारी वेळेचा हक्क दिला. १९७७ च्या नियमांनीं सुरक्षा-प्रतिनिधींस कामाच्या जागेची तपासणी करण्याचा अधिकार आला. शिस्तीच्या चौकशींत संघाचा प्रतिनिधि किंवा सहकारी सोबत नेण्याची मुभा १९९९ च्या कायद्यानें मिळाली. या सोबत्यास चौकशींत बोलतां येतें, सल्ला देतां येतो. प्रश्नांचीं उत्तरें मात्र परिचारिकेनें स्वतःच द्यावयाचीं असतात.

परंतु हक्क कागदावर असणें निराळें आणि तो बजावण्यास सवड असणें निराळें. स्टॅफर्ड येथील रुग्णालयांत २००५ ते २००९ या काळांत रुग्णांची भयंकर हेळसांड झाली. रॉबर्ट फ्रान्सिस यांचा चौकशी-अहवाल २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. तेथें कॉलेज हें व्यवसाय-संस्था व कामगार-संघ या दोन्ही नात्यांनीं निष्प्रभ ठरलें, असा स्पष्ट ठपका त्यांत आहे. आणि रुग्णालयांतील प्रतिनिधींस पुरेसा वेळ द्यावा, अशी शिफारसही आहे.

२०२२ च्या डिसेंबरांत याच संघाच्या परिचारिका इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथें संपावर गेल्या, तेव्हां साऱ्यांचें लक्ष तिकडे वेधलें. पण वार्डांत माणसें अपुरीं आहेत, हें रात्रपाळीस वरिष्ठांस सांगणें एकटीच्याच वांट्यास येतें. पाठीशीं कोणी आहे असा भरंवसा असला तरच तिला कंठ फुटतो; ती गप्प राहिली, तर त्याचें फळ रोग्यास भोगावें लागतें. म्हणून प्रतिनिधीस दिलेला वेळ हा रुग्णसेवेच्याच खात्यांत जमा धरावा, असें आम्हांस वाटतें.