पहिला दगड: सर्वांत जुन्या बायबलमध्ये नसलेली गोष्ट

आज एका गोष्टीपासून सुरुवात करतो. व्यभिचाराचा आरोप असलेल्या एका बाईला लोक येशूसमोर आणतात. शिक्षा काय, तर दगडांनी ठेचून मारायचं. येशू एकच अट घालतो: पहिला दगड मारणारा स्वतः निष्पाप हवा. मग एकेक जण गुपचूप निघून जातो.

बायबल कधी न उघडलेल्यांनाही ही गोष्ट माहीत असते. म्हणून मी मोबाईलवर 'कोडेक्स सिनायटिकस' उघडलं. हे चौथ्या शतकात चामड्याच्या पानांवर हाताने लिहिलेलं ग्रीक बायबल. संपूर्ण नवा करार असलेली, आज हाती असलेली सर्वांत जुनी प्रत. योहानाच्या शुभवर्तमानात सातवा अध्याय संपतो तिथे ही गोष्ट यायला हवी. पण ती तिथे नाहीच! मजकूर सरळ पुढे जातो.

या पुस्तकाचा प्रवासही भारी आहे. ते होतं इजिप्तमध्ये, सिनाय पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरीन मठात. १८४४ मध्ये टिशेनडॉर्फ हा जर्मन अभ्यासक तिथून ४३ पानं घेऊन गेला. त्याच्या मते ती जाळण्यासाठी टोपलीत टाकलेली होती. मठाला हे अजिबात मान्य नाही. १८५९ मध्ये बरीच पानं, परत करू असं लिहून देऊन, त्याने रशियाला नेली. ती परत आलीच नाहीत. १९३३ मध्ये सोव्हिएत सरकारने ती १ लाख पौंडांना ब्रिटिश म्युझियमला विकली. १९७५ मध्ये मठातच आणखी काही पानं सापडली. आज हा ग्रंथ चार ठिकाणी विखुरलेला आहे. २००९ पासून मात्र तो इंटरनेटवर एकत्र बघता येतो.

आता मुद्द्यावर येऊ. ती गोष्ट कुणी काढून टाकली, की नंतर कुणी घातली?

संत ऑगस्टिनला पाचव्या शतकातच हा प्रश्न पडला होता. त्याला वाटलं, बायकांना मोकळीक मिळेल या भीतीने काही पुरुषांनीच ती गाळली असावी. पण आजचे बहुतेक अभ्यासक उलट म्हणतात. सिनायटिकसहून जुन्या पपायरस प्रतींतही ती नाही. तिची भाषा योहानाच्या शैलीशी जुळत नाही. आणि काही प्रतींत तर ती चक्क लूकच्या शुभवर्तमानात सापडते! म्हणजे गोष्ट जुनी आणि लोकांची लाडकी होती, पण तिला ठरलेलं घर नव्हतं.

तेव्हा ग्रंथांची यादीही पूर्ण पक्की झालेली नव्हती. सिनायटिकसमध्ये बर्णबाचं पत्र आणि 'हर्मासचा मेंढपाळ' हेही आहेत, जे आजच्या बायबलमध्ये नाहीत. आज मान्य असलेली नेमकी २७ पुस्तकांची यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या ३६७ सालच्या पत्रात दिसते.

असं काम आपल्या पुण्यातही झालंय बरं का. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही आपली लाडकी कथा त्यात मुख्य मजकुरात नाही, परिशिष्टात आहे. संपादकांनी ती फेकून दिली नाही. फक्त ती नंतर आली हे प्रामाणिकपणे दाखवलं.

बायबलच्या अनेक आधुनिक आवृत्त्याही तेच करतात: गोष्ट कंसात, खाली छोटीशी टीप. मला हे फार आवडतं. गोष्ट मूळ ग्रंथात होती का, हा एक प्रश्न. ती आपल्याला काही शिकवते का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं, म्हणून दुसऱ्याचंही तेच येईल असं थोडंच आहे?

तुमच्याकडे बायबलचं ॲप असेल तर योहानाचा आठवा अध्याय उघडा आणि ती टीप दिसते का बघा. भेटू पुढच्या भागात!