बीड शहर : अंतरे व प्रवासकाळ

महाराष्ट्र राज्याच्या मराठवाडा विभागातील बीड हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण बिंदुसरा नदीकाठी वसले आहे. दोन शहरांमधील हवाई अंतर कायम असते. रस्त्याचे अंतर घाट व नदीवरील पूल यांनुसार बदलते आणि प्रवासकाळ उपलब्ध वाहनांवर अवलंबून राहतो. या तिन्हींतील तफावत बीडच्या इतिहासात ठळकपणे आढळते.

हवाई रेषेने बीडपासून हैदराबाद सु. ३४० किमी., तर मुंबई सु. ३०० किमी. आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९५६ मध्ये ते द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. राजधानीची दिशा अशा रीतीने पूर्वेकडून पश्चिमेकडे वळली. दळणवळणाचे मार्ग मात्र त्या वेगाने वळले नाहीत. दौंड−मनमाड लोहमार्ग (१८७८) अहमदनगरवरून, म्हणजे बीडच्या पश्चिमेकडून गेला, तर मनमाड−हैदराबाद मार्ग (१९००) गोदावरीच्या उत्तरेकडील जालना, परभणी या गावांवरून. जिल्ह्याच्या पूर्व भागातील परळी वैजनाथला रेल्वे आली. परंतु मुख्य ठिकाण तिच्यापासून वंचित राहिले. त्यामुळे बैलगाडी व पुढे मोटार हीच बीडची साधने ठरली. ऊसतोडणीसाठी दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणारी जिल्ह्यातील लाखो माणसे ट्रक-ट्रॅक्टरने रस्त्यानेच प्रवास करतात. रस्त्याच्या दुरवस्थेची झळ त्यांना प्रथम पोहोचते.

अहिल्यानगर व पुणे यांमार्गे मुंबई सु. ४०० किमी. असून मोटारीने सर्वसाधारणपणे सात ते आठ तास लागतात. विमानाने जाण्यासाठी प्रवाशास प्रथम शहागडजवळ गोदावरी ओलांडून छत्रपती संभाजीनगरचा (पूर्वीचे औरंगाबाद) चिकलठाणा विमानतळ गाठावा लागतो. तेथून मुंबईपर्यंतचे उड्डाण तासाभराचे असले, तरी सु. १३० किमी.चा रस्ता व विमानतळावरील प्रतीक्षा जमेस धरता एकूण बचत थोडीच होते. विमान केवळ प्रवासाचा मधला टप्पा लहान करते.

अहमदनगर−बीड−परळी या सु. २६१ किमी. लोहमार्गास १९९५ च्या सुमारास मंजुरी मिळाली. त्यावर आष्टीपर्यंत सप्टेंबर २०२२ मध्ये, तर बीडपर्यंत १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, प्रवासी गाडी सुरू झाली. बीड−अहिल्यानगर हे अंतर हवाई रेषेने सु. १०७ किमी. आहे, लोहमार्ग मात्र डोंगराळ प्रदेशातून वळणे घेत सु. १६६ किमी. होतो. आरंभीच्या वेळापत्रकानुसार गाडीस पाच तासांहून अधिक वेळ लागे. म्हणजे मोटार लवकर पोहोचे; तथापि अल्प भाड्यामुळे व मालवाहतुकीच्या शक्यतेमुळे या मार्गाचे महत्त्व वेगापेक्षा निराळे आहे. शहर किती दूर आहे, हे भूगोल ठरवतो; ते किती दूर राहते, हे मुख्यत्वे दळणवळणविषयक निर्णयांवर अवलंबून असते, असे बीडच्या उदाहरणावरून दिसते.