तृतीयपंथीयांना नोकरी, पेन्शन आणि फॉर्मवरचा रकाना: महापालिकेच्या हातात नेमकं काय असतं?

ताथवडे हे 2009 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेलं गाव. एका बाजूला मुंबई-बंगळुरू महामार्ग, जवळच हिंजवडीचं आयटी पार्क आणि मध्ये कॉलेजं, हॉस्टेलं, टोलेजंग सोसायट्या आणि जुनं गावठाण. पाणी, कचरा, रस्ते हे प्रश्न सगळ्यांचेच. पण महापालिकेच्या दारापर्यंत सगळेच सहज पोहोचतात असं नाही. तृतीयपंथी समाज त्यापैकी एक. अशा समाजासाठी महापालिका काय करू शकते, हे पिंपरी-चिंचवडच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

महापालिकेने काय केलं?

2022 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक म्हणून आणि ग्रीन मार्शल पथकात काम द्यायला सुरुवात केली. रस्त्यावर कचरा टाकणाऱ्यांवर, थुंकणाऱ्यांवर दंडाची कारवाई करणारं हे पथक. ज्यांना लोक सिग्नलवर पाहून गाडीची काच वर करायचे, तेच आता गणवेशात पावती फाडू लागले. 50 वर्षांवरील तृतीयपंथीयांसाठी दरमहा 3,000 रुपये पेन्शनची योजनाही महापालिकेने आणली.

या दोन्ही गोष्टींचा अर्थ वेगळा आहे. पेन्शन म्हणजे म्हातारपणाचा आधार. नोकरी म्हणजे पगार आणि शिवाय लोकांच्या नजरेतला बदल.

याला कायद्याचा आधार काय?

15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' खटल्यात तृतीयपंथीयांना तिसरं लिंग म्हणून मान्यता दिली. त्यानंतर आलेला 2019 चा तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. शिक्षण, नोकरी, आरोग्यसेवा आणि भाड्याचं घर यांत भेदभाव करायला हा कायदा मनाई करतो.

याच कायद्यातली एक तरतूद फारशी कुणाला माहीत नसते. प्रत्येक आस्थापनेने अशा तक्रारींसाठी एक तक्रार अधिकारी नेमायचा असतो. मग ती महापालिका असो, हिंजवडीतली कंपनी असो किंवा ताथवड्यातलं कॉलेज.

फॉर्मवरच्या रकान्याने काय फरक पडतो?

याचं उत्तर जळगाव जिल्ह्यात सापडतं. भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अंजली पाटील यांनी महिला राखीव जागेवर अर्ज भरला होता. त्या तृतीयपंथी असल्याने अर्ज बाद झाला. त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. 2 जानेवारी 2021 रोजी न्यायालयाने त्यांना महिला म्हणून निवडणूक लढवायची परवानगी दिली आणि त्या निवडूनही आल्या. त्याआधी 2017 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ गावाने ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंच केलं होतं.

म्हणजे लोक मत द्यायला तयार असतात. अडतं ते बऱ्याचदा अर्जाच्या टेबलावर.

मग गाडी कुठे अडते?

पहिली अडचण कागदपत्रांची. तृतीयपंथी असल्याचं ओळख प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात, महापालिका नाही. घरातून बाहेर काढलेल्या व्यक्तीकडे जुनी कागदपत्रं नसतील, तर योजना असूनही ती हाताला लागत नाही.

दुसरी अडचण नोकरीच्या स्वरूपाची. कंत्राटी काम कंत्राटाच्या मुदतीपुरतंच असतं. आयुक्त बदलले, प्राधान्य बदललं की अशा उपक्रमांचं काय होणार, हा प्रश्न उरतोच. एका अधिकाऱ्याच्या उत्साहावर सुरू झालेली गोष्ट टिकवायची, तर तिला दरवर्षीच्या अंदाजपत्रकात जागा लागते.

तिसरी अडचण घराची. दिवसभर महापालिकेच्या गणवेशात काम करणाऱ्या व्यक्तीला संध्याकाळी कुणी भाड्याने खोली दिली नाही, तर ती समानता ड्युटीपुरतीच राहते. इथे महापालिकेपेक्षा घरमालक आणि सोसायट्यांचा प्रश्न जास्त आहे.

ताथवडेकरांना काय करता येईल?

ताथवडे 'ड' क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत येतं. 2022 मध्ये महापालिकेने आठही क्षेत्रीय कार्यालयांत जनसंवाद सभा सुरू केल्या. तिथे नागरिक थेट अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडू शकतात. तक्रारींसाठी 2013 पासून 'सारथी' हेल्पलाइन आहे. योजनांची चौकशी समाज विकास विभागात करता येते. शिवाय अंदाजपत्रक तयार होत असताना महापालिका नागरिकांकडून कामं सुचवायला सांगते. तिथे फक्त रस्ता आणि पथदिवेच मागावेत असं काही नाही.

तुम्ही सोसायटीच्या कमिटीवर असाल, तर एक गोष्ट कुठल्याही सभेची वाट न पाहता करता येईल. पुढच्या वेळी एखादी तृतीयपंथी व्यक्ती भाड्याने फ्लॅट विचारायला आली, तर इतर भाडेकरूंना जे प्रश्न विचारता, तेवढेच तिलाही विचारा.